एसएसडी बसवली आणि नेट गेलं

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) वर कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर आहे. त्यात नुकतीच एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण-डिस्क) बसवून घेतली. तेव्हापासून मशीन चालू करताना 'फेल्ड टू स्टार्ट'ची लाल ओळ येते, पुढे 'रेझ नेटवर्क इंटरफेसेस' असं दिसतं आणि नेट सुरूच होत नाही. देवघेवीच्या टेबलावर कॅटलॉग उघडत नाही. केबल बदलली, सॉकेटचा दिवा लागतो. दुरुस्तीवाले म्हणतात, नेटवर्क कार्ड गेलं. नवीन घ्या, नाहीतर सगळं पुन्हा इन्स्टॉल करू. काय करावं?
— एक ग्रंथपाल, जि. सांगली

उत्तर : ताई, पुन्हा इन्स्टॉल मुळीच करू देऊ नका. पुस्तकांच्या नोंदी आणि सभासदांची खाती त्याच मशीनवर आहेत. बिघाड बहुधा एका फाइलीतल्या दोन ओळींत आहे.

दिवा लागला म्हणजे केबल आणि स्विच ठीक, एवढंच कळतं. लिनक्सला कार्ड दिसतंय का, हे 'एलएसपीसीआय -के' सांगेल. इथरनेट कंट्रोलरच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि पुढे ड्रायव्हरचं नाव (रिअलटेकचं कार्ड असेल तर बहुधा आर८१६९) दिसलं, तर नवीन कार्डावर पैसे घालवायचं कारण नाही. मग बूटच्या नोंदी दाखवणारी 'जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्किंग' ही कमांड द्या. माझ्या अंदाजाने तिथे 'कॅनॉट फाइंड डिव्हाइस ईएनपी२एस०' अशी ओळ सापडेल.

आता या नावाकडे नीट बघा. ईएन म्हणजे इथरनेट, पी२ म्हणजे पीसीआय (मदरबोर्डवर कार्डं जोडायची वाट) बस क्रमांक २, एस० म्हणजे स्लॉट ०. लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रॅमने ही पद्धत २०१३ मध्ये आणली. त्याआधी ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं असत आणि दोन कार्डं असली की ईटीएच० कोणतं आणि ईटीएच१ कोणतं, याची अदलाबदल व्हायची. नवी पद्धत चांगलीच आहे, पण नाव जागेवरून पडतं. तुमची एसएसडी पीसीआयवरच बसते. तिने २ क्रमांक घेतला की कार्ड सरकून ३ वर जातं आणि ईएनपी३एस० होतं. /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत मात्र जुनंच नाव राहतं.

'आयपी लिंक' कमांडने आजचं नाव बघा. फाइलीची प्रत काढून ठेवा, मग 'ऑटो' आणि 'आयफेस' या दोन्ही ओळींत नवं नाव घाला. नुसती 'आयफेस'ची ओळ बदलली तर हाताने नेट चालू होईल, पण पुढच्या बूटला पुन्हा बोंब. आयपी पत्त्याला हात लावू नका. बाकीचे संगणक त्याच पत्त्यावर कोहा शोधतात.

उद्या आणखी काही बसवलं तर हेच पुन्हा होईल, म्हणून नाव मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) बांधून टाकावं असं मी आग्रहाने सांगेन. तो पत्ता 'आयपी लिंक'मध्येच दिसतो आणि कार्डाची जागा बदलली तरी बदलत नाही. /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क/ मध्ये १०-लॅन.लिंक नावाची फाइल करा. 'मॅच' विभागात मॅकअ‍ॅड्रेस आणि 'लिंक' विभागात नेम=लॅन० लिहा. मग इंटरफेसेस फाइलीतही लॅन० करा, 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालवा आणि मशीन रीबूट करा. हे सगळं रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून, रोमन अक्षरांत आणि सर्व्हरसमोर बसून करायचं. नेट नसताना दुसरीकडून आत शिरता येणार नाही.

एलएसपीसीआयमध्ये कार्ड मुळीच दिसलं नाही, तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड लॅन, म्हणजे मदरबोर्डवरचं नेटवर्क कार्ड, बंद झालंय का ते बघा आणि 'एलएसपीसीआय' व 'जर्नलसीटीएल' या दोन्ही कमांडचं आउटपुट मला पाठवा.