पहिल्यांदाच दशावतार हे लोकनाट्य बघायला तळकोकणात निघालात ना?

मुलं आणि आजी-आजोबा बरोबर आहेत, तर मे महिन्याचा बेत सोडा. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. दशावतार तेव्हाच, देवळाच्या आवारात बघावा. खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत रंगतो. म्हणून दुपारी सगळ्यांनी झोप काढा, चटई आणि शाली बरोबर घ्या.

पूर्वरंग, म्हणजे खेळाचा सुरुवातीचा भाग, मुलांना चुकवू देऊ नका. गणपती, सरस्वती, आणि मग काळ्या वेशातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर राक्षस! लहानगी घाबरतात, पण नजर हटत नाही. त्यानंतरच्या आख्यानाला, म्हणजे मुख्य कथेला, लिखित संहिता नसते. कथा ठरते, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. जमलं तर खेळाआधी, परवानगी विचारून, रंगपटात, म्हणजे नट तयार होतात तिथे, डोकावा. राजा होणारा नट आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवत असतो. मला ते खेळाइतकंच आवडतं.

जागरणानंतरची सकाळ हलकी ठेवा: घावणे, चटणी, चहा. कोंबडी-वडे, सोलकढी दुपारी. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, मात्र खानावळीत आदल्या दिवशीच सांगून ठेवा. साच्यातून दाबून काढायचं काम वेळ खातं. नारळाच्या गोड रसाबरोबर मुलं ते मागून मागून खातील.

सिंधुदुर्ग किल्ला त्याच दिवशी उरकू नका. मालवणच्या धक्क्यावरून सकाळची होडी धरा. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे मुलांना जरूर दाखवा. आजी-आजोबांना तटावर चढायचा आग्रह नको. शिवराजेश्वराच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या, मंदिरात निवांत बसू द्या.