भूगोलाच्या तासाला ऑनलाइन व्हिडिओ क्लिप कशा वापराव्यात?

क्लिप दोन-तीन मिनिटांचीच घ्या आणि पहिल्यांदा आवाज बंद ठेवून दाखवा. निवेदकाने सगळं सांगून टाकलं की मुलं स्वतः बघायचं सोडून देतात.

दख्खनचं पठार शिकवताना हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या २०१८ च्या उद्रेकाची क्लिप फार उपयोगी पडते. जमिनीला पडलेल्या लांब भेगांमधून लाव्हा उसळून पसरताना स्पष्ट दिसतो. तिथेच थांबवा आणि विचारा, "हा थंड झाल्यावर काय होईल?" मग बेसॉल्टचा, म्हणजे थंड होऊन घट्ट झालेल्या लाव्ह्याचा, दगड हातात द्या, वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली भोकं चाचपू द्या. सह्याद्रीचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशाच लाव्ह्याचे साचले, फक्त कितीतरी प्रचंड प्रमाणावर.

क्लिप आदल्या दिवशी स्वतः पूर्ण बघा. शीर्षक एक आणि दृश्य भलत्याच ज्वालामुखीचं, असं सर्रास आढळतं.