सगळे जात बघूनच मत देतात, मग आपली लोकशाही मजबूत होणार कशी?

माझं उत्तर जरा वेगळं आहे. जात लवकर जाणार नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचं की नाही, यासाठी आम्ही मराठवाड्यातल्या लोकांनी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं घालवली, घरं जळाली, माणसं गेली. पण कुणी कुणाला मत दिलं हे गावाला कळू नये, एवढं तर आजही करता येईल.

मी बीड जिल्ह्यातला. २०२४ च्या लोकसभेला इथं बजरंग सोनवणे निवडून आले, पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी पडल्या. निकालानंतर गावाच्या ग्रुपवर बूथनिहाय आकडे फिरले. आमच्याकडं बूथ दोनच, वेशीकडचा आणि वस्तीकडचा. कुठल्या बूथवर कुठला समाज, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पारावरचा चहा संपायच्या आत 'गद्दार' कोण ते ठरलं. मग 'त्यांच्या' दुकानातून सामान आणायचं नाही, असा निरोप घरोघरी गेला. माझी आई तीस वर्षं एकाच दुकानातून उधारीवर किराणा आणते. ती तरीही गेली. दुकानदारानं वही उघडली आणि पेन हातात धरून विचारलं, "वैनी, नाव लिहू का राहू देऊ?"

मतपत्रिका होत्या तेव्हा बऱ्याच बूथच्या पत्रिका मिसळून मोजता यायच्या. ईव्हीएम आल्यावर प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा दिसायला लागला. यावर टोटलायझर नावाचा उपाय आहे: चौदा यंत्रं एकत्र जोडायची आणि फक्त बेरीज बाहेर काढायची. निवडणूक आयोगानं तो २००८ मध्ये सुचवला, विधी आयोगानं २०१५ मध्ये उचलून धरला. केंद्र सरकारनं मात्र होकार दिला नाही. बूथचे आकडे झाकले तर घोटाळा कसा पकडणार, असं माझा एक मित्र विचारतो. शंका रास्त आहे. पण बूथवर एकूण किती मतं पडली याचा हिशोब उमेदवारांच्या प्रतिनिधींना त्याच दिवशी मिळतो, तो तसाच राहील. झाकायचं ते फक्त कुणाला किती पडली एवढंच.

ग्रामपंचायतीला याचा उपयोग नाही, तिथं वॉर्डच चारपाचशे मतांचा. लोकसभा-विधानसभेला तरी व्हावं.

आईनं त्या दिवशी नाव लिहायलाच लावलं. सामान आणायला मात्र ती आता दिवेलागणीनंतर जाते.