जुने मेल नव्या सॉफ्टवेअरात नेताना आधी पत्ते, मग मेल

नमस्कार दादा,

तुमची अडचण मला समजली ती अशी. सांगलीतल्या हळदीच्या पेढीवर वडिलांच्या काळापासून विंडोज एक्सपीचं मशीन. त्यावर संपर्कांचं जुनं सॉफ्टवेअर आणि मेलसाठी आउटलुक एक्स्प्रेस. आता नवं मशीन घेतलंत, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकलीत. पार्ट्यांची नावं, फोन, नोंदी सगळं आलं. पण पार्टी उघडली की खाली २००४ पासूनचे मेल दिसायचे, ते आता दिसत नाहीत. आणि विकणारा म्हणतो, "जुने मेल येत नसतात, सोडून द्या."

सोडून देऊ नका. बहुतेक मेल जुन्या मशीनवरच असणार. त्या काळच्या बऱ्याच सॉफ्टवेअरांत मेल डेटाबेसात नसायचाच, नुसता दुवा असायचा. खरा माल आउटलुक एक्स्प्रेसच्या डीबीएक्स फायलींत पडलेला असतो, एका फोल्डरची एक फाईल. आपल्या हरिपूरच्या पेवांसारखं समजा. पावती पेढीत, हळद जमिनीखाली. तुम्ही पावतीपुस्तक नव्या जागी नेलंत, पेव उघडलंच नाही.

तर आधी जुनं मशीन आहे तसं ठेवा. त्याला इंटरनेट जोडू नका. आउटलुक एक्स्प्रेस बंद करताना 'फायली कॉम्पॅक्ट करू का' (म्हणजे रिकामी जागा काढून लहान करू का) असं विचारलं तर 'नको' म्हणा. कॉम्पॅक्ट अर्धवट थांबलं की इनबॉक्स गेलाच म्हणून समजा, आणि तेवढ्यात लाईट जायला आपल्याकडे वेळ लागत नाही. मेल साठवायचा फोल्डर लपवलेला असतो; प्रोग्रॅमच्या पर्यायांत 'मेंटेनन्स'मध्ये त्याचा पत्ता मिळतो. तो अख्खा फोल्डर पेन ड्राईव्हवर घ्या. कोणी पूर्वी सीडीवर बॅकअप घेतला असेल आणि तोच वापरणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. सीडीवरून उतरवलेल्या फायलींवर 'रीड-ओन्ली'ची खूण राहते आणि आयात करताना 'फाईल दुसरा प्रोग्रॅम वापरतोय' असली दिशाभूल करणारी चूक दाखवतात. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे. उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, खूण काढा, संपलं.

पुढचा सोपा रस्ता थंडरबर्डचा, म्हणजे मेलच्या एका फुकट प्रोग्रॅमचा. एक्सपीवर चालणारी शेवटची मालिका ५२ आहे. दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राईव्हने टाका. ती आउटलुक एक्स्प्रेसचे मेल थेट आत घेते आणि एमबॉक्स स्वरूपात, म्हणजे एका फोल्डरचे सगळे मेल एका साध्या फाईलीत, ठेवते. तो फोल्डर नव्या मशीनवरच्या थंडरबर्डात नेला की फोल्डरांसकट सगळं दिसतं. मेल थोडेच असतील तर आउटलुक एक्स्प्रेसमधून निवडून डेस्कटॉपवरच्या फोल्डरात ओढून टाका, प्रत्येकाची वेगळी ईएमएल फाईल तयार होते. जुने मेल जीमेलमध्ये चढवायचा विचार असेल तर नव्या मशीनवरच्या थंडरबर्डात जीमेलचं खातं आयमॅप पद्धतीने जोडून चढवा, पण रोज ५०० एमबीच्या वर चढत नाही हे धरून चाला.

आता खरी मेहनत. नवं सॉफ्टवेअर मेल कोणत्या पार्टीचा हे ठरवतं ते फक्त ई-मेल पत्त्यावरून. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याकडे मी सगळे मेल व्यवस्थित आत घेतले आणि जोडणीचं बटण दाबलं. निम्मे मेल लोंबकळत राहिले. पार्ट्या त्याच होत्या, पण २००५ साली सगळे रेडिफमेलवर आणि आता सगळे जीमेलवर. संपर्कात फक्त नवा पत्ता, जुना कोणीतरी खोडून टाकलेला. म्हणून मेल आत घेण्याआधी जुन्या मेलांमधले पाठवणाऱ्यांचे पत्ते एका एक्सेलमध्ये काढा आणि प्रत्येक पार्टीच्या दुसऱ्या ई-मेलच्या रकान्यात जुना पत्ता भरा. कंटाळवाणं आहे, दोन-तीन दिवस जातील, पण याला पर्याय नाही. नंतर एकेक मेल हाताने जोडायला बसलात तर महिने जातील.

याच्या उलट त्रासही होतो. आपल्या पेढ्यांत वडील, काका आणि पुतण्या असे तीन संपर्क, पण मेलचा पत्ता एकच. जोडणी केली की तोच मेल तिघांखाली दिसतो. अशा ठिकाणी पत्ता फर्मच्या नावावर ठेवा, माणसांच्या रकान्यातून काढा. आणि आधी वीस पार्ट्यांवर करून बघा, एकदम सगळ्यांवर नको.

अटॅचमेंट मात्र डेटाबेसात भरू नका. अशी सॉफ्टवेअरं बऱ्याचदा एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट एक्स्प्रेस आवृत्तीवर चालतात, आणि २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या तिच्या आवृत्त्यांत मर्यादा एका डेटाबेसला १० जीबी आहे. हळकुंडांचे फोटो आणि लॅबचे रिपोर्ट भरत गेलात तर ती कधी भरेल कळणार नाही.

मराठी मेलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अडणार तिथेच. त्या काळी श्रीलिपी, शिवाजी असल्या फाँटांत लिहिलेलं नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतं. मेल खराब झालेला नसतो. आत मुळात रोमन अक्षरंच आहेत, वरून फाँटचा मुखवटा. तोच फाँट टाकला की वाचता येतं, पण 'हळद' म्हणून शोधलंत तर सापडणार नाही. जे लागतील तेवढेच युनिकोडमध्ये (आजच्या सगळ्या मशीनवर चालणाऱ्या मराठी अक्षरांत) बदलून वेगळी प्रत ठेवा, मूळ मेलाला हात लावू नका.

मूळ जपायला आणखी एक कारण आहे. पैशाच्या वादात मेल पुरावा म्हणून द्यायचा झाला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं डिजिटल पुराव्याबद्दलचं कलम ६३ लागतं, आणि मेल कुठून कधी आला याची माहिती असलेला मथळा मूळ ईएमएलमध्येच पूर्ण राहतो. छापील कागदात किंवा फॉरवर्ड केलेल्या मेलात तो हरवतो. तसं जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावेच लागतात, त्यामुळे तेवढ्या काळातले मेल सगळे आणा. त्याआधीचे चालू पार्ट्यांचे तेवढे जोडा, बाकीचे थंडरबर्डात पडू द्या.

बॅकअपची एक डिस्क घरी वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ चा पूर तुम्हीही बघितलाय.

सुरू करण्याआधी एवढं बघून सांगा: इनबॉक्सची डीबीएक्स फाईल किती मोठी आहे? २ जीबीच्या जवळ असेल तर आउटलुक एक्स्प्रेस उघडूच नका, तिथे त्याची मर्यादा संपते. तसं असेल तर आधी फाईलची प्रत काढा, मग पुढचं बोलू.