सरकारी जमिनीवर कोळसा खाण येणार असेल तर जनसुनावणीला जाऊन काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की गावालगतच्या गायरान आणि झुडपी जंगलाच्या जमिनीवर खुली कोळसा खाण येऊ घातली आहे, जनसुनावणीची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली आहे, आणि गावात जो तो म्हणतो की वरून सगळं ठरलेलं असतं, मंडपात जाऊन काय फायदा. जावं का, आणि गेलो तर बोलावं काय, असा तुमचा प्रश्न आहे.

जाच. एकटे नका जाऊ, आणि रिकाम्या हातानं नका जाऊ.

मी वर्धा नदीच्या अलीकडचा, वणी तालुक्यातला कास्तकार. आमच्या भागात खदानी आमच्या वडिलांच्या काळापासून आहेत. सुनावण्या मी मंडपाच्या मागच्या खुर्चीवर बसूनही पाहिल्या आणि माईकसमोर उभं राहूनही. त्यावरून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. खासगी शेतजमिनीला कोणी ना कोणी वाली असतो. सातबारावर नाव असतं, मोबदला असतो, कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरामागे एक नोकरी असते, त्यामुळे त्या जमिनीसाठी भांडायला माणूस उभा राहतोच. गायरानाच्या सातबारावर नाव सरकारचं. तिथे ज्यांची ढोरं चरतात, जे मोहफुलं वेचतात, ज्यांची बंडी तिथल्या पांदणीनं शेतात जाते, ते कोणत्याच यादीत नसतात. म्हणून सार्वजनिक जमिनीबद्दल सुनावणीत कोणी बोललं नाही तर कागदावर ती जमीन ओसाडच राहते, आणि ओसाड जमिनीवर खाण द्यायला कोणाची हरकत असणार?

ही सुनावणी नेमकी काय आहे ते आधी समजून घ्या. केंद्र सरकारची 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आहे, तिच्याखाली ती होते. भरवतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. नोटीस किमान 30 दिवस आधी निघावी लागते. मंडपात मतदान होत नाही आणि कलेक्टर साहेब तिथे हो किंवा नाही म्हणत नाहीत. निर्णय नंतर होतो. मोठ्या खाणींचा दिल्लीत, तज्ज्ञ समितीसमोर. त्या समितीतला माणूस तुमच्या गावात आलेला नसतो. त्याच्यासमोर काय असतं? कंपनीचा अहवाल, आणि तुमच्या सुनावणीचं इतिवृत्त.

लोक गोंधळतात ते इथेच. गावकऱ्यांना वाटतं आपण मंडपात जितका आवाज करू तितका परिणाम. मग कोणी मंडप उधळून लावतो, कोणी बहिष्कार घालतो. राग खरा असतो, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण अधिसूचनेत उपस्थितीची कोणतीही अट नाही. पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरलं जातं. आणि मोकळ्या वातावरणात सुनावणी घेणं शक्यच नाही असा अहवाल गेला तर ती टाळूनही पुढे जाण्याची तरतूद त्याच अधिसूचनेत आहे. म्हणजे बहिष्काराचा अर्थ दिल्लीत एवढाच पोचतो की आक्षेप आले नाहीत.

याउलट जे बोललं गेलं ते त्यांना लिहावं लागतं. सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी कामकाजाचा गोषवारा तिथेच, मराठीत, वाचून दाखवायचा असतो आणि त्याच दिवशी त्यावर अध्यक्षांची सही व्हायची असते. लोकांनी मांडलेला प्रत्येक मुद्दा आणि त्यावर कंपनीचं उत्तर असा तक्ता जोडावा लागतो. बहुतेक ठिकाणी दुपार कलली की लोक उठून जातात आणि वाचन रिकाम्या खुर्च्यांसमोर होतं. तुमच्यातले दहा जण शेवटपर्यंत बसा. आपला मुद्दा चुकीचा लिहिला असेल तर तिथेच हात वर करून दुरुस्त करायला लावा. एवढ्या एका गोष्टीसाठी मी लोकांच्या हातापाया पडायला तयार आहे.

आता बोलायचं काय. अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायतीत ठेवलेली असते, सोबत मराठी सारांश असतो. मूळ अहवाल इंग्रजीत, जाडजूड. घाबरू नका, शाळेतल्या मास्तरांना किंवा कॉलेजच्या पोरांना बसवा आणि तीनच जागा उघडा: जमिनीच्या वापराचा तक्ता, पाण्याचं प्रकरण आणि वाहतुकीचं प्रकरण.

जमिनीच्या तक्त्यात तुमचं गायरान बहुतेक 'पडीक' या रकान्यात सापडेल. आमच्या भागातल्या एका सुनावणीत असंच होतं. गावचं गोठाण, स्मशानघाट, नाल्याकाठची बाभूळबन, सगळं त्या एका आकड्यात. त्याच अहवालात नाला उन्हाळ्यात कोरडा असल्याचं लिहिलं होतं. एक म्हातारा गुराखी उठला. माईक हातात कसा धरायचा तेही त्याला माहीत नव्हतं, एका पोरानं तोंडाजवळ धरून दिला. तो म्हणाला, "नाला कोरडा लिवला तुमी. वैशाखात आमी वाळूत झिरा काढतो अन् दोन गावाच्या ढोरायले पाणी पाजतो. या दाखवतो." मग त्यानं झिऱ्यांच्या जागा सांगितल्या, कोणत्या जांभळीखाली, कोणत्या वळणावर, कोणता किती दिवस टिकतो. मंचावरचे लोक लिहीत होते. त्याच्या आधी जोरदार भाषणं झाली होती, पण कंपनीच्या सल्लागाराला उत्तर शोधावं लागलं ते याला. कारण त्यांचं पाण्याचं मोजमाप एका हंगामाचं होतं, आणि नियमात तेवढंच लागतं, पावसाळा सोडून तीन महिने. बारा महिने तो नाला पाहिलेला माणूस तुमच्याच गावात असतो. त्याला मंडपात आणा.

पाण्याबद्दल आणखी एक. खुली खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी उपसत राहावं लागतं. ते नाल्यात सोडतात, त्यामुळे मे महिन्यात नाला वाहताना दिसतो आणि बाहेरून येणाऱ्याला वाटतं पाण्याची चंगळ आहे. तिकडे गावच्या विहिरींचा तळ दिसायला लागतो. म्हणून आजच, सुनावणीच्या आधी, गावातल्या सगळ्या विहिरींची पाण्याची पातळी दोरीनं मोजून तारखेसह वहीत लिहा, ग्रामसेवकाची सही घ्या. उद्या विहीर आटली तर आधी किती पाणी होतं याचा पुरावा फक्त तुमच्याकडे असेल.

वाहतुकीच्या प्रकरणात कोळसा कोणत्या रस्त्यानं जाणार ते पाहा. आमच्याकडे रस्त्याकडेच्या पऱ्हाटीवर धूळ बसते, बोंड फुटलं की कापसात काळी झाक दिसते आणि व्यापारी ढिगात हात घालताच भाव पाडतो. हे नुकसान कोणत्याच मोबदल्यात बसत नाही, कारण ती जमीन संपादित झालेलीच नसते. तेव्हा झाकलेली वाहनं, वेगळा रस्ता, पाणी मारणं यांचा आग्रह धरा, आणि कंपनीचं उत्तर लेखी येऊ द्या. सुनावणीत दिलेलं आश्वासन पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात खर्चासह यावं लागतं. कोळशावरून काढलेल्या मातीचे डोंगर, म्हणजे ओबी (ओव्हरबर्डन), नदीनाल्यापासून किती लांब टाकणार हेही विचारा. वर्धा आणि इरई नद्यांच्या काठच्या लोकांना पुराच्या वेळी या ढिगांचा अर्थ सांगायला लागत नाही.

झुडपी जंगलाचं मात्र वेगळं आणि जास्त महत्त्वाचं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुलाच्या दप्तरी झुडपी जंगल म्हणून नोंदलेली मोठी जमीन आहे. ती वन आहे की नाही यावर वर्षानुवर्षं ओढाताण चालली. दप्तरी वन म्हणून नोंद असलेली जमीन कोणाचीही असो, ती वनच, असं सांगणाऱ्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये ती वनजमीनच असल्याचं सांगितलं. म्हणजे तिथे खाण काढायला 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची वेगळी मंजुरी लागते. ती दोन टप्प्यांत होते, आधी तत्त्वतः, मग अंतिम. पर्यावरण मंजुरी मिळाली म्हणजे सगळं मिळालं असं नाही. तुमचं पहिलं काम हे की अहवालातले गट नंबर आणि तलाठ्याकडची नोंद ताडून पाहा. झुडपी जंगलाचा एखादा गट नुसता 'सरकारी जमीन' म्हणून दाखवला असेल तर तो मुद्दा सगळ्यात आधी मांडा.

सोबत तहसीलमधून गावचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढा. जमीन महसूल संहितेत, 1966 च्या, कलम 161 आणि 165 मध्ये त्यांची तरतूद आहे. कोणत्या सरकारी जमिनीवर गावाचा चराईचा, जळतणाचा, मातीचा हक्क आहे ते निस्तारपत्रकात लिहिलेलं असतं, आणि सरकारी नसलेल्या जमिनीवरच्या रस्त्यापाण्याच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जात. नवीन पिढीतल्या सरपंचांना हे कागद ठाऊकही नसतात. तहसीलचा बाबू 'सापडत नाही' म्हणेल, माहिती अधिकारात अर्ज टाका. 'आमची ढोरं तिथे चरतात' हे तोंडी सांगणं वेगळं आणि निस्तारपत्रकाची नक्कल अध्यक्षांच्या टेबलावर ठेवणं वेगळं.

वनहक्क कायदा, 2006 हाही इथे लागू आहे. सामूहिक वनहक्काचा दावा तुमच्या गावानं केला नसेल तर अजून करता येतो. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती हवी हे केंद्रानं 2009 च्या परिपत्रकात म्हटलं होतं, आणि ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबद्दलच्या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला होता. 2022 च्या वन संवर्धन नियमांनी केंद्राची अंतिम मंजुरी आधी आणि हक्कांची पूर्तता राज्यानं नंतर बघायची असा क्रम करून टाकला. हे मला साफ चूक वाटतं. मंजुरी झाल्यावर संमती विचारायला येणाऱ्याला नाही म्हणणं गावाला किती जमणार? म्हणून तो क्रम तुमच्यावर यायच्या आत ग्रामसभा घ्या. लक्षात ठेवा, ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी बंद खोलीत दिलेली नाहरकत म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे. वनहक्काच्या ग्रामसभेला किमान निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया.

नोकरीचा मुद्दा मी मुद्दाम उशिरा घेतला. मंडपात सगळ्यात जास्त वेळ तोच खातो, आणि पोरांच्या हाताला काम नाही तेव्हा तो खाणारच. नोकरी मागणं गैर नाही. फक्त ते पहिल्या तासात एकानं मांडावं आणि बाकीच्यांनी पाणी, चराई, पांदण, धूळ वाटून घ्यावं. नाहीतर इतिवृत्तात चाळीस वेळा 'स्थानिकांना रोजगार द्यावा' आणि त्यापुढे चाळीस वेळा 'नियमानुसार प्राधान्य दिलं जाईल' एवढंच उरतं.

आणि मुख्य प्रश्न, खाण थांबते का? ताडोबालगतची लोहारा खाण 2009-10 मध्ये लोकांच्या विरोधानंतर थांबली. ताडोबाच्याच वाघांच्या भ्रमणमार्गातला बंदर नावाचा कोळसा ब्लॉक 2020 मध्ये लिलावातून वगळला गेला. दोन्ही ठिकाणी वाघ होता, हे मी लपवत नाही. चंद्रपूरचा प्रदूषण निर्देशांक 2009 मध्ये 83.88 निघाला, देशात चौथा, 2010 मध्ये नव्या प्रकल्पांवर काही काळ बंदीही आली, तरी खदानी वाढतच गेल्या. माणसाच्या छातीत जाणाऱ्या धुळीला वाघाइतकं वजन नाही. तेव्हा तुमची खाण पूर्ण थांबेलच असं मी म्हणणार नाही. पण गायरानाचा तुकडा वगळणं, नाल्याचं पात्र न वळवणं, बदली चराई आणि पांदण आधी देणं, या अटी मंजुरीपत्रात येऊ शकतात, आणि त्या इतिवृत्तात जे आलं त्याच्या जोरावरच येतात. एकदा खाण सुरू झाली की ठरावीक मर्यादेपर्यंतच्या क्षमतावाढीला पुन्हा सुनावणी न घेताही परवानगी मिळते. त्यामुळे पुढच्या वेळी बोलू असं धरून चालू नका.

मंजुरी मिळालीच तर तिची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि प्रत ग्रामपंचायतीला. त्या दिवसापासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला 30 दिवस असतात, योग्य कारण दाखवलं तर आणखी 60, त्यापुढे एक दिवसही नाही. आपल्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे. तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

आता लगेच करायचं ते असं. माईकवर बोलणार असलात तरी प्रत्येक मुद्दा वेगळ्या कागदावर मराठीत लिहा, गट नंबर टाका, खाली सह्या-अंगठे घ्या आणि सुनावणीच्या आधीच प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. ढोरं चारणाऱ्यांचे आणि मोहफुलं वेचणाऱ्या बायांचे अर्ज वेगळे करा, सरपंचाच्या अर्जात घुसडू नका. तुमच्या गावाचं नाव आणि सुनावणीची तारीख टाकलीत तर अर्जाचा मसुदा मी लिहून देईन.