माझं बाळ 4 महिन्यांचं आहे. पूर्वी डबाबंद दूध आणि तयार सिरियल नव्हतं, तेव्हा घरात बाळांना काय भरवायचे?

आमचं घर खानापूर तालुक्यातलं, मोठं खटलं. आज्जीकडून ऐकलेलं आणि धाकट्या भावंडांच्या वेळी पाहिलेलं सांगते.

मुख्य आईचंच दूध. ते कमी पडलं तर घरातल्या दुसऱ्या बाळंतिणीचं. वडील तान्हे असताना आज्जी तापानं पडली, तेव्हा तिच्या थोरल्या जाऊबाईंनी आपल्या मुलीबरोबर त्यांनाही अंगावर पाजलं. पुढं वडील जन्मभर त्यांना ‘आई’ आणि आज्जीला ‘अक्का’ म्हणायचे. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पाजणारी कुणीच नसेल तर गाईचं किंवा शेळीचं दूध पाणी घालून, उकळून, बोंडल्यानं. बोंडलं म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. बाळाला मांडीवर घेऊन चोच ओठांच्या कोपऱ्याला टेकवायची, गिळलं की मगच पुढचा घोट. घाईच्या बाईच्या हाती आज्जी बोंडलं देत नसे, दूध नाकात जायला कितीसा वेळ लागतो!

दात यायच्या सुमाराला नाचणीचं सत्त्व. नाचणी घरच्या शेतातली. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, पाट्यावर पाणी शिंपडत वाटायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून गाळायची. ते पाणी झाकून ठेवलं की तळाशी साका बसतो. वरचं पाणी अलगद ओतून साका ताटात वाळवायचा. आम्ही पोरं ताटाच्या कडेची खपली चोरून खायचो. चव काही नसते, पण बोटाला मऊ लागते.

बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी. कुणी गोकाकला गेलं तर करदंट यायचा, तोही डिंक, सुकामेवा आणि गुळाचाच. सव्वा महिना तिला पाण्याची घागर उचलू देत नसत. माझ्या मते बाळं अंग धरायची ती या विश्रांतीमुळं, बाळगुटीमुळं नव्हे.

कारण सगळंच चांगलं नव्हतं. पहिला चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचे. आता डॉक्टर नेमकं उलट सांगतात: चीक पाजायलाच हवा, पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत वेखंड, मुरडशेंग, जायफळ असायचं. गुटी दिली की बाळ गाढ झोपतं, असं आज्जी कौतुकानं सांगायची. तिची सगळी पोरं जगली नाहीत, हे मात्र त्या कौतुकात कधी यायचं नाही.

तुमचं बाळ 4 महिन्यांचं आहे म्हणता, तर सत्त्वाची घाई नको. 6 महिने पूर्ण झाले की चमचाभर सत्त्व आधी गार पाण्यात कालवा, मग शिजवा, नाहीतर गुठळ्या होतात. मीठ, साखर, गूळ काही घालू नका. आणि नुसत्या सत्त्वावरही ठेवू नका, मऊ वरण-भात, भाज्या, फळं हळूहळू सुरू करा.