कागदावर नसलेलं नाव

"घर पहिलं, असं मी मनापासून मानतो. पण दिवस संपतो तेव्हा घराच्या वाट्याला काही उरलेलंच नसतं. माझं काय चुकतंय?"

हा प्रश्न मी इथे सॉल्ट लेक सिटीत नोकरीसाठी आलेल्या मराठी मंडळींकडून ऐकते, तसाच इथल्या पिढीजात मॉर्मन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबांकडूनही. उत्तरादाखल एका जोडप्याबद्दल लिहिते. दोघांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो भूलतज्ज्ञ, चाळिशीला टेकलेला, चार मुलांचा बाप आणि आपल्या वॉर्डाचा बिशप. यांच्यात वॉर्ड म्हणजे चर्चची स्थानिक मंडळी. बिशप पगारी धर्मगुरू नसतो, आपला नोकरीधंदा सांभाळून साधारण पाचेक वर्षं तो ही सेवा विनामोबदला करतो. कुणाची नोकरी गेली, कुणाचा संसार मोडायला आला, कुणाला मनावरचं ओझं उतरवायचंय, की फोन बिशपला.

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस त्यांच्या चर्चचे अध्यक्ष रसेल नेल्सन वयाच्या १०१ व्या वर्षी वारले. त्यानंतर काही आठवड्यांनी हे दोघं माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. बसल्याबसल्या त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. मधोमध उभी रेघ. डावीकडे नेल्सन, उजवीकडे तो स्वतः. डावीकडे लिहिलं होतं: मिनेसोटात हार्ट-लंग मशीनवर काम. ३१ व्या वर्षी यूटातली पहिली ओपन हार्ट शस्त्रक्रिया. चाळिशीत स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे अनेक वॉर्डांची जबाबदारी. दहा मुलं. उजवी बाजू तिसऱ्या ओळीतच थांबली होती.

"त्यांना जमलं," तो म्हणाला, "मग माझी श्रद्धाच कमी पडते का?" आणि त्याला पुढे बोलवेना.

अशा वेळी "तुलना करू नका" असं सांगायचा मोह होतो. मी तो आवरला. ज्याच्याकडे बघून हा माणूस पहाटे उठतो, त्यालाच बाजूला सारायला सांगितलं तर त्याच्या हाती काय उरणार? मला वाटलं, आदर्श आहे तिथेच राहू दे, आपण तो पुरता वाचूया.

बायकोकडे वळले. ती धाकट्या मुलाविषयी सांगू लागली आणि वाक्याच्या मध्येच थांबली. टेबलावरचा त्याचा फोन उजळला होता. वाजला नव्हता, त्यानं उचललाही नव्हता. त्या तासाभरात हे चार वेळा झालं. चारही वेळा ती अर्ध्या शब्दावर थांबली, आणि तिचं वाक्य अर्धंच राहिलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मी ते दाखवलं तेव्हा दोघंही दचकले. तिलाही माहीत नव्हतं की ती थांबते.

मग मी तिला विचारलं, "या कागदावर कुणाचं नाव राहिलंय?"

ती चटकन म्हणाली, "डॅन्टझेल."

डॅन्टझेल व्हाइट, नेल्सन यांची पत्नी. १९४५ मध्ये लग्न झालं. नवऱ्याचं प्रशिक्षण आणि लष्करी सेवा चालू असताना लहान लेकींना घेऊन मिनियापोलिस, वॉशिंग्टन, बॉस्टन असे संसार तिनं मांडले आणि आवरले. नऊ मुलींनंतर एक मुलगा. २००५ मध्ये ती गेली. मला आमची आवली आठवली, भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढणारी. तुकोबांवर आपला जीव आहे, पण ती भाकरी कुणी थापली हे आपण किती वेळा विचारतो? मी आवलीची गोष्ट सांगितली तेव्हा त्याची बायको खूप वेळ रडली. त्यानं कागद घेतला आणि डाव्या बाजूला सर्वांत वर डॅन्टझेलचं नाव लिहिलं.

पुढच्या भेटीत आम्ही त्याच कागदावर एक नवा रकाना केला: नेल्सन यांनी काय सोडलं? १९८४ मध्ये प्रेषित, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ नेत्यांपैकी एक, म्हणून बोलावणं आलं तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया सोडली. त्या हातांना किती मागणी होती, हे भूलतज्ज्ञाला मी काय सांगणार! आणि अध्यक्ष झाल्यावर, २०१८ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत रविवारची तीन तासांची सभा दोन तासांवर आणायचं ठरलं. श्रद्धेचं मुख्य ठिकाण घर असावं म्हणून चर्चनं आपला एक तास घराला दिला. ही ओळ त्यानं लिहिली आणि पेन खाली ठेवलं. "हे मी स्वतः वॉर्डात वाचून दाखवलंय," तो हळूच म्हणाला.

माझं म्हणणं मी त्याला सरळ सांगितलं. 'घर पहिलं' ही भावना तुमच्याकडे भरपूर आहे. तुम्ही अजून घरासाठी काही सोडलेलं मात्र नाही, आणि जे सुटत गेलं ते सगळं बायकोच्या हातून.

सोडायचं काय, हे त्यानंच शोधलं. बिशपला दोन सल्लागार असतात. मोठ्यांच्या बऱ्याच अडचणी रिलीफ सोसायटी या महिलांच्या संघटनेच्या प्रमुख बाईंकडे आणि एल्डर्स कोरम या पुरुषांच्या गटाकडे सोपवता येतात. कबुली ऐकणं मात्र बिशपलाच करावं लागतं, ते त्यानं ठेवलं. सोमवारची संध्याकाळ तर त्यांच्या चर्चनं १९७० पासून घरासाठी राखूनच ठेवली आहे, त्या दिवशी सभा नसतात. तरी याचा फोन चालूच असे. आता तो स्वयंपाकघरातल्या खणात जाऊ लागला, तातडीचा एक नंबर तेवढा सल्लागाराकडे. पहिल्याच सोमवारी हॉस्पिटलनं बोलावून घेतलं. दुसऱ्या सोमवारी थोरली रुसून खोलीतच बसली. तिसऱ्यापासून कुठे जेवणं एकत्र झाली.

शेवटच्या भेटींपैकी एकीत ती बोलत असताना फोन पुन्हा उजळला. सवयीनं ती थांबली. त्यानं फोन उलटा केला आणि म्हणाला, "पुढे?"

ती काय सांगत होती तेच विसरली होती. तिला आठवेपर्यंत आम्ही तिघं गप्प बसलो. मग आठवलं. धाकट्याच्या दातांची तार सैल झाली होती, गुरुवारी कुणीतरी त्याला डेंटिस्टकडे न्यायला हवं होतं.

"मी नेतो," तो म्हणाला.